अण्णांच्या डायरीतल्या नोंदी : रेल्वेतल्या कुणाला उलगडतील का?

घाटातली_लेक
अण्णांचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. नातवंडांसाठी त्यांच्याबद्दल चार पानं लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. ते रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, पुढे कीमन. कर्जत-खंडाळा घाटात उभी नोकरी. पण काय केलं विचारलं की उत्तर एकच, "फिरून आलो."

मला आठवतात ती करवंदं. मे महिन्यात हातोडा-पान्याच्या पिशवीतून पळसाच्या पानात बांधून आणायचे, वंगणाच्या वासासकट. दहावीला मी रात्री जागायचे, तर हे उंबऱ्याबाहेर बसून राहायचे. का, ते कधी बोलले नाहीत. शेजारचा रेडिओ मात्र त्या वर्षी रात्री वाजला नाही.

ट्रंकेत खिशातली डायरी सापडली. रोज एखादी ओळ : "११५/२४ – ४ ठो." असल्याच. एका जुलैत फक्त "फ. लावले". म्हणजे काय?

निवृत्त_पीवे
ताई, मी पीवेत, म्हणजे रुळांच्या खात्यात होतो. ११५ हा मुंबईपासूनचा किलोमीटर, २४ हा विजेच्या खांबाचा नंबर. त्या खांबाजवळ सैल झालेल्या ४ चाव्या त्यांनी ठोकून बसवल्या. रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळयांना, धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपांना आम्ही चाव्याच म्हणतो. कीमन आपल्या हद्दीतला रूळ न् रूळ रोज चालत बघतो. तुमच्या घाटात चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटरमागे एक मीटर, वर वळणं. बहुतेक गाड्यांना कर्जतहून मागे ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, त्यामुळे रुळांवर ताण फार.

"फ." म्हणजे फटाके. रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. नियम असा : धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. पावसात, अंधारात, खडीवरून धावत.

एक सांगतो, रागावू नका. एवढ्यावरून "गाडी वाचवली" असं लिहू नका. दगड रुळाशेजारी पडला तरी फटाके लावावे लागू शकतात. त्यांनी जेवढं लिहिलं तेवढंच ठेवा.

कसाऱ्याचा_बंड्या
आमचे बाबा कसारा घाटात गँगमन. तेही मुके! वळणापलीकडची गाडी दिसत नाही, कान सतत तिकडे. बोलायची सवयच सुटते. घरी आम्ही भांडायला लागलो की म्हणायचे, "थांबा रे, गाडी आली."

घाटातली_लेक
पीवेकाका, खूप आभार. रागावण्यासारखं काही नाही, अण्णांनाही तेच आवडलं असतं.

बंड्या, तुझं आईला वाचून दाखवलं. तिला काही पटलं नाही. म्हणे, नोकरीचं कशाला, हा माणूस मुळातच असला. बघायला आले तेव्हा पोहे संपवले आणि एकच विचारलं, "पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. एकटीला चालेल?" तिचे वडील म्हणाले, मुलगा खरं बोलतोय, द्या होकार. त्या जुलैचंही तिला आठवतं : पहाटे आले, सदरा निथळत होता, चहा घेतला आणि माझी शाळेची छत्री दुरुस्त करत बसले. एक काडी तुटली होती.

चार पानांऐवजी डायरीच्या ओळीच छापते, शेजारी काकांनी सांगितलेले अर्थ. "पो." काय असेल? बऱ्याच ठिकाणी आहे, ११८च्या पुढे.

निवृत्त_पीवे
पो. म्हणजे बहुधा पोकळ खडी, स्लीपरखाली सैल झालेली. पानाचा फोटो टाका, मागचे-पुढचे शब्द बघून सांगतो.