मदत हवी आहे: दहा एकांच्या वर्गातला ८ कुठे गेला?

मंडळी, मी मालवणात घरी आठवीच्या शिकवण्या घेते. काल पावसाने लाईट गेली, पुस्तकातलं बारीक काही दिसेना, म्हणून मुलांना खेळ दिला: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, चालवा पुढे.

नऊ एकांपर्यंत सगळं झोकात गेलं. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. मी तिथेच आवरणार होते, पण एका मुलीने कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर दहा एकांचा उभा गुणाकार मांडला आणि उत्तर आणलं १२३४५६७९००९८७६५४३२१. वर मलाच विचारते, "बाई, आठ खंय गेलो?"

लाईट आल्यावर एक्सेलमध्ये पाहिलं, तर १२३४५६७९००९८७६५००००. शेवटी १ असलेल्या संख्येच्या वर्गाच्या शेवटी शून्य येईलच कसं? एक्सेल चुकलं हे कळतंय, पण मुलगी बरोबर आहे का?

उत्तर: ताई, मुलगी बरोबर. एक्सेल पहिले १५ अंक धरतं, पुढे शून्यं भरतं.

८ हरवला नाही, हातच्याने ९ झाला. मधल्या रकान्यात दहा एकांची बेरीज १०. शून्य लिहिलं, हातचा १. तो शेजारच्या ९ मध्ये मिळवला की परत १०, परत शून्य, परत हातचा १. तो गेला ८ मध्ये. म्हणून ७ नंतर ९०० दिसतं.

पण गंमत पुढेच आहे. त्या उत्तराचे उजवीकडचे दहा अंक तोडायला सांगा आणि डावीकडच्या उरलेल्या संख्येत मिळवायला सांगा. किती येतात ते मी सांगत नाही.

धागाकर्ती: अहो दादा, ११११११११११! दहाच्या दहा एक परत आले. मग नऊ एकांवरही करून पाहिलं: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. तिथे का नाही येत?

उत्तर: दहा अंक तोडून मिळवणं म्हणजे दहा नवांच्या संख्येने भागून बाकी काढणं. दहा नऊ म्हणजे दहा एकांची नऊपट. त्यामुळे सगळं एकाच गोष्टीवर ठरतं: आपल्या संख्येला ९ ने भागून बाकी काय उरते? दहा एकांची बाकी १, म्हणून संख्या जशीच्या तशी परत येते. नऊ एकांना ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून बाकी शून्य. तिथे नऊ अंक तोडता, म्हणजे नऊ नवांच्या संख्येने भागता, आणि सगळे नऊ आले तर तिने भागून बाकी शून्यच.

वर्ग तोडून मिळवल्यावर परत येणाऱ्या या कापरेकर संख्या. छोटी हवी तर ४५ घ्या: वर्ग २०२५, २० + २५ = ४५. द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे, आणि देवळालीला शाळामास्तर होते. तुमच्या १२१, १२३२१ या रांगेलाही डेम्लो संख्या हे नाव त्यांनीच दिलं.

एकांची पुढची अशी संख्या १९ अंकी.

धागाकर्ती: तिला सांगितलं. कॅलेंडरची दोन पानं डिंकाने जोडून बसली आहे, त्यातलं एक चालू महिन्याचं.