जाड वालुकाश्माखालचं युरेनियम: आधी माती तपासायची की थेट बोअर मारायचे?

खडकप्रेमी, पवई
अणुऊर्जा विभागाचं मुख्यालय आपल्या मुंबईत, पण इथली चर्चा अणुभट्टीच्या पलीकडे जातच नाही. इंधन जमिनीत शोधायचं कसं, यावरही बोलूया. माझं मत: जाड वालुकाश्माखाली शोध घेताना आधी भू-रासायनिक सर्वेक्षण (माती-खडकातली मूलद्रव्यं तपासणं), मगच रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र.

कॅनडाच्या अथाबास्का खोऱ्यात सिगार लेकचा साठा 1981 साली सापडला, तोही 400 मीटरपेक्षा खोल. मॅकआर्थर रिव्हरचा 1988 साली, त्याहून खाली. जुन्या खडकावर वालुकाश्म जिथे टेकतो, त्या सीमेपाशी ही खनिजं असतात. युरेनियमच्या साठ्यातून निघणारे गॅमा किरण मीटरभर मातीतच अडतात, म्हणून विमानातून काही कळत नाही. पण साठा घडवणारं गरम पाणी भेगांतून वर चढलं, तेव्हा वालुकाश्मात बोरॉन, इलाइट (एक चिकणमातीचं खनिज) आणि शिसं मागे राहिलं. शिशावर माझा सर्वांत जास्त भरवसा. युरेनियम-238 चं शेवटी शिसं-206 होतं. नमुन्यात 206 प्रमाणाबाहेर आहे आणि युरेनियम मात्र तेवढं नाही, तर ते शिसं कुठून तरी आलंय!

तेलंगणातले लंबापूर-पेद्दगट्टूचे साठे अशाच सीमेवरचे, पण तिथलं आवरण पातळ. त्याच कडप्पा खोऱ्यात ते जिथे जाड होतं, तिथे काय आहे?

मुलुंडकर
असहमत. खडकातली खूण आणि मातीतली खूण तुम्ही एकत्र करताय. कोअर बॉक्समध्ये (बोअरमधून काढलेले खडकाचे दंडगोल ठेवायची पेटी) जांभळट वालुकाश्म पांढुरका पडलेला दिसतो, हाताला साबणासारखा लागतो, तिथे रसायनशास्त्र खरंच बोलतं. पण तो कोअर मिळायला आधी बोअर मारावा लागतो ना? अथाबास्कात साठ्यांपाशी जुन्या खडकात असणारे ग्रॅफाइटचे पट्टे विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाने शोधतात आणि त्यावर बोअर घेतात. युरेनियमपासून बनणाऱ्या रेडॉन-222 वायूचं अर्धायुष्य 3.8 दिवस, तो अर्धा किलोमीटर चढून येईपर्यंत उरतो किती? शिवाय आपल्याकडे शेतात फॉस्फेट खत पडतं आणि त्यात युरेनियम असतं. खोटे संकेत किती येतील, याचा विचार करा.

खडकप्रेमी, पवई
रेडॉनचं मान्य, मी त्याच्यावर विसंबलेलोच नाही. खताचं म्हणाल तर नमुना शेतातून घ्यायचाच नाही. शिवाय सगळी माती तीव्र आम्लात विरघळवायची नसते. सौम्य द्रावणाने कणांना नुसते चिकटलेले आयन सोडवायचे, कारण खालून आलेले असतील तर ते तिथेच असतात. कॅनडातल्या फीनिक्स साठ्यावर असं काम झालंय. साठा 400 मीटरच्या आसपास खोल, तरी वरच्या मातीत युरेनियम आणि इतर काही धातू वाढलेले आढळले.

मुलुंडकर
फीनिक्स 2008 साली बोअरने सापडला. मातीचा अभ्यास त्यानंतरचा, म्हणजे उत्तर माहीत असताना सोडवलेलं गणित. कोऱ्या जागेवर करून दाखवा, मग मानतो.

तारापूर लाइन
इतकं खोल खणण्यापेक्षा आयात करा की! 2008 साली अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला दिलेल्या सवलतीनंतर कझाकस्तान, रशिया, कॅनडा सगळीकडून आलंय.

खडकप्रेमी, पवई
दादा, 1974 च्या पोखरणनंतर तारापूरचंच अमेरिकी इंधन अडकलं होतं. 2008 च्या आधी देशी युरेनियम अपुरं पडलं, तेव्हा कितीतरी अणुभट्ट्या कमी क्षमतेवर चालवाव्या लागल्या. दुसऱ्याच्या मर्जीवर वीज चालवायची का?

वसुधा, चेंबूर
याच खोऱ्यातल्या नल्लमलाच्या जंगलाबद्दल कुणीच बोलत नाहीये. तेलंगण विधानसभेने 2019 साली तिथल्या युरेनियम खाणकामाविरुद्ध ठराव केला. तिथे चेंचू आदिवासी राहतात. तुम्ही पिशवीभर माती न्या, नाहीतर रिग लावा, त्यांच्या दृष्टीने खाणीची पहिली पायरी तीच. सर्वेक्षणाच्या आधी ग्रामसभा घ्या.

खडकप्रेमी, पवई
ताई, ग्रामसभा आधीच हवी, यात दुमत नाही. पण जंगलात रिगसाठी रस्ता काढणं आणि दोन माणसांनी ऑगर (माती काढायचा हातगिरमिट) घेऊन पायी जाणं यात फरक आहे. माती तपासून दहापैकी सात जागा जरी बाद झाल्या, तरी तेवढ्या जागी झाडं तुटणार नाहीत.

वसुधा, चेंबूर
आणि उरलेल्या तीन जागी? तिथे गाव नाही म्हणालं तर थांबणार का? ते आधी लिहून द्या.

मुलुंडकर
वसुधाताईंशी सहमत. खडकप्रेमींना माझी एक अट: एकही बोअर न झालेली, शेती नसलेली जागा घ्या, तीही गावाची परवानगी असेल तरच. मातीवरून नकाशा काढून मोहोरबंद ठेवा. भूभौतिकीवाल्यांनी (विद्युतचुंबकीय सर्वेक्षण करणाऱ्यांनी) त्यांच्या पद्धतीने बोअरच्या जागा ठरवाव्यात. नंतर दोन्ही ताडून बघू.

खडकप्रेमी, पवई
मान्य. फक्त नमुने सरसकट चौकटीत नकोत, प्रस्तरभंगाच्या (खडक तुटून सरकलेल्या भेगांच्या) रेषांवर दाट घ्या. काही वर आलं असेल तर तिथूनच आलं असेल.