मदत हवी आहे: विद्यापीठाच्या स्नेहभोजनात चार मोठे वक्ते, वेळ आणि क्रम कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या विद्यापीठाचं वार्षिक स्नेहभोजन जवळ आलंय आणि या वेळी सूत्रसंचालन अधिक भाषणांचं सगळं नियोजन माझ्याकडे आहे. वक्ते चार. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षा, स्वतः कंपनी उभी करून पुढे ती विकलेले एक उद्योजक, एक माजी कुलगुरू आणि एक संशोधक, ज्यांचं काम आम्ही अभ्यासक्रमात शिकलो. चौघंही यायला तयार झालेत याचा मला फार आनंद आहे, अशी माणसं एका संध्याकाळी एका हॉलमध्ये परत कधी मिळणार, म्हणूनच ही संध्याकाळ वाया जाऊ नये असं मनापासून वाटतंय.

समितीने प्रत्येकी वीस मिनिटं ठरवलीत. म्हणजे नुसती भाषणंच ऐंशी मिनिटं, त्यात स्वागत, चार परिचय, आभार, पाहुणे टेबलावरून उठून माईकपर्यंत पोचायचा वेळ, हे सगळं धरलं की दोन तास कुठे गेले कळणार नाही आणि समोर लोक जेवायला बसलेले, विद्यार्थी मागच्या टेबलांवर. आधीच्या वर्षी बघितलंय, तिसरा वक्ता उभा राहिला की मोबाईल बाहेर येतात. वक्त्यांचं ज्ञान कमी असतं असं अजिबात नाही, पण सुरुवातीची पाच मिनिटं व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यात जातात, शेवटची पाच तरुणांना उपदेश करण्यात, आणि खरी गोष्ट, म्हणजे पहिली ऑर्डर कशी मिळाली, प्रयोग फसत होते तेव्हा पैसे कोणी दिले, ती ते नंतर जेवताना शेजारच्या दोघांना सांगतात. तीच गोष्ट मला माईकवर हवीये, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी.

थोडं वाचलं तेव्हा अमेरिकेतल्या गेटिसबर्गचा प्रसंग सापडला, 19 नोव्हेंबर 1863 चा, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पण सोहळ्याचा. त्या दिवसाचे मुख्य वक्ते राष्ट्राध्यक्ष लिंकन नव्हतेच, एडवर्ड एव्हरेट होते, हार्वर्डचे माजी अध्यक्ष आणि त्या काळातले नावाजलेले वक्ते. ते दोन तास बोलले, मग लिंकन साधारण 270 शब्द बोलले, दोनेक मिनिटं. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनीच लिंकनना पत्र लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत मुद्द्याच्या जितके जवळ गेलात तितका मी दोन तासांत गेलो असतो तरी मला समाधान वाटलं असतं. इतका मोठा विद्वान माणूस हे मोकळेपणाने मान्य करतो, मला ते पत्र फार आवडलं.

तर विचारायचंय हे की चौघांना वेळ सारखाच द्यावा का, भाषणं जेवणाआधी ठेवावीत की नंतर, क्रम कसा लावायचा म्हणजे कोणाचा मान कमी झाला असं वाटणार नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे वयाने आणि कामाने इतक्या मोठ्या माणसाला "आता थांबा" हे कसं कळवायचं? कोणी असे कार्यक्रम केले असतील तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
मी बरीच वर्षं परिषदांची आणि दीक्षांत समारंभांची कामं बघतोय. वीस मिनिटं विसरा, सात द्या. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तरी सात मिनिटांत पावणेनऊशे शब्द होतात, एक गोष्ट नीट सांगायला भरपूर झाले. नोबेलची मेजवानी बघा ना, स्टॉकहोमच्या सिटी हॉलमध्ये तेराशेच्या आसपास पाहुणे असतात, विजेत्यांची भाषणं जेवणाच्या शेवटी शेवटी आणि अगदी काही मिनिटांची, पारितोषिक दोघा-तिघांत वाटलं गेलं असेल तर सहसा सगळ्यांच्या वतीने एकच जण बोलतो. 1913 मध्ये टागोर जाऊ शकले नव्हते, त्यांची तार वाचून दाखवली गेली. एकाच वाक्याची. दूरचं जवळ आणलंत आणि परक्याला भाऊ केलंत अशा अर्थाची कृतज्ञता त्यात होती, आज शंभरहून जास्त वर्षांनी आपण ती आठवतोय.

दुसरं, विषय तुम्ही द्या. "मार्गदर्शन करा" सांगितलं की मार्गदर्शनच मिळणार. उद्योजकांना विचारा, कंपनी विकायचा निर्णय घेतला तेव्हा घरात आणि ऑफिसात काय झालं. संशोधकांना विचारा, कोणत्या निष्कर्षावर सहकाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. एकेका माणसाला एकच प्रश्न, तोही आधी फोनवर बोलून ठरवलेला.

प्रतिसाद:
माईकवाल्याकडे आधी लक्ष द्या. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरचं नोबेलच्या मेजवानीतलं भाषण, 10 डिसेंबर 1950 चं, आज इतकं गाजलेलं आहे, पण त्या रात्री हॉलमधल्या बऱ्याच लोकांना ते कळलंच नाही कारण ते माईकपासून लांब उभे होते आणि भरभर बोलत होते. छापून आल्यावर लोकांना त्याची ताकद कळली. तुमच्या वक्त्यांपैकी कोणी हळू आवाजात बोलणारं असेल तर कॉलर माईक लावा, आणि भाषण चालू असताना वाढपी मंडळींना पूर्ण थांबायला सांगा. ताटं-चमच्यांचा आवाज मागच्या टेबलांवर फार येतो, आणि विद्यार्थी तिथेच बसलेत म्हणताय.

प्रतिसाद:
सरसकट सात मिनिटं मला पटत नाही. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभात 12 जून 2005 ला बोलले ते साधारण पंधरा मिनिटं, कागदावरून वाचून, तीन गोष्टी सांगितल्या आणि बसले. त्यातली एक गोष्ट कापली असती तर तोटाच झाला असता. चौघांतल्या एकाला मुख्य वक्ता करा, पंधरा मिनिटं द्या, बाकीच्यांना पाच-पाच. लोकांनाही कळतं आज कोणाला ऐकायला आलोय. आणि परिचय एका मिनिटाच्या आत, पुरस्कारांची यादी पत्रिकेत छापा, ती वाचून दाखवू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कामाचं मिळेल वाटलं नव्हतं. समितीशी बोललो. संशोधक मुख्य वक्ते, पंधरा मिनिटं, सगळ्यात शेवटी. बाकी तिघं सहा-सहा मिनिटं, मुख्य जेवण उरकल्यावर, वाढप बंद करून. एकूण तेहतीस मिनिटं. परिचय विद्यार्थीच करून देतील, ज्या विषयाचा वक्ता त्या विभागाचा विद्यार्थी. वेळ पाळायला समोरच्या टेबलावर एक जण बसेल आणि एक मिनिट उरलं की कार्ड दाखवेल, हे वक्त्यांना आधीच सांगून ठेवणार म्हणजे ऐन वेळी अपमान वाटायला नको.

एकच अडलंय. माजी कुलगुरूंना आधी वीस मिनिटं कळवलेली आहेत आणि त्यांनी भाषण लिहायला घेतलंय. आता सहा कसं सांगू? मेल करू का?

प्रतिसाद:
मेल नको, भेटायला जा, आणि कुलसचिवांना सोबत न्या. वेळ कमी केली इथून सुरुवात करू नका, कार्यक्रमाचा नवा आराखडा समोर ठेवा आणि सांगा, "सर, या वेळी मागच्या टेबलांवरचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून सगळं बसवलंय, तुमच्या लिहिलेल्या भाषणातला कोणता प्रसंग त्यांनी ऐकायलाच हवा असं तुम्हाला वाटतं?" ते स्वतः निवडतील. पूर्ण भाषण विद्यापीठाच्या वार्षिक अंकात छापायची परवानगी तिथेच मागा, आणि खरंच छापा.