सन अल्ट्रा ५ वर आज कुठली युनिक्स चालेल? सिरीयल पोर्ट सगळ्यात महत्त्वाचा

पॅटर्नवाला_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेला आमचं पॅटर्नचं शॉप आहे. फाउंड्रीवाल्यांना लागणारे लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न आम्ही करतो. वडिलांनी घेतलेली सन कंपनीची एक जुनी संगणक आहे, अल्ट्रा ५, ३३३ मेगाहर्ट्झची, २५६ एमबी रॅमची. तिचं काम एकच, मिलिंग मशीनला प्रोग्रॅम पुरवायचा. कंट्रोलरची मेमरी एवढीशी, त्यामुळे मोठा प्रोग्रॅम एकदम मावत नाही. अल्ट्रा सिरीयल केबलवरून ओळी सोडत राहते आणि मशीन कापत राहतं.

आता तिची हार्ड डिस्क गेली. सोलॅरिसच्या, म्हणजे सनच्या स्वतःच्या युनिक्सच्या, सीड्या सापडत नाहीत. तूर्त लॅपटॉपला यूएसबी-सिरीयल वायर लावून चालवतोय, पण ऐन फिनिशिंगला एखादी ओळ गळते आणि कटर जॉबमध्ये घुसतो. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा कोअर बॉक्स असाच गेला, म्हणून अल्ट्राच परत उभी करायची आहे.

नवीन काय टाकू? सिरीयल पोर्ट, नेटवर्क, स्क्रीन आणि फ्लॉपी एवढं चाललं तरी पुरे. जुने प्रोग्रॅम सगळे फ्लॉपीवर आहेत. चार दिवस शोधूलालोय, प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

निपाणीकर

दादा, डेबियन लिनक्स टाका की. आमच्याकडं जुन्या पीसीवर मस्त चालतं. स्पार्कचं, म्हणजे सनच्या प्रोसेसरचं, पण येत होतं, मी कॉलेजात बघितलंय.

खानापूर_रोड

निपाणीकर, तुम्ही बघितलंत ते खरं, पण ते डेबियन ७ पर्यंत, म्हणजे २०१३ चं. त्यापुढच्या अधिकृत आवृत्त्यांत स्पार्क नाही. फ्रीबीएसडीनंही २०२१ मध्ये १३ वी आवृत्ती काढताना स्पार्क६४, म्हणजे तुमच्यासारखा ६४ बिटचा स्पार्क, सोडून दिलं. सोलॅरिस १० या यंत्रावर चालते, ११ चालत नाही. राहिले नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी. दोन्ही आजही स्पार्क६४ साठी येतात आणि दोघांच्या यादीत अल्ट्रा ५ आहे.

पॅटर्नवाले भाऊ, आता नीट वाचा. यादीत यंत्राचं नाव आहे याचा अर्थ एवढाच की ते सुरू होतं. आतलं प्रत्येक उपकरण ही वेगळी बाब. माझ्याकडं घरी अल्ट्रा १० आहे, तुमच्या अल्ट्रा ५ चं मोठं भावंड. दोघांचा बोर्ड एकच म्हटलं तरी चालेल, म्हणून खात्रीनं सांगतो.

नेटवर्कचा चिप सनचाच, त्याचा ड्रायव्हर एचएमई. हा अगदी पक्का. एसबस या सनच्या जुन्या बसवरच्या कार्डाला आणि पीसीआय बसवरच्या या चिपला ड्रायव्हरचा गाभा एकच, फक्त बसला जोडणारा तुकडा वेगळा. बीएसडीत जुनं हार्डवेअर इतकी वर्षं टिकतं ते या रचनेमुळं. स्क्रीनसाठी बोर्डवर एटीआयचा चिप आहे, ड्रायव्हर मॅकएफबी. साधा पीसीचा मॉनिटर लागतो. चार टर्मिनल उघडायला पुरेसं आहे, त्रिमितीय काही मागू नका. डिस्क आयडीई. आवाजाचा चिपसुद्धा ओळखला जातो, पण शॉपमध्ये त्याचा उपयोग काय?

सिरीयलबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमचा जीव तिथं आहे. दोन्ही पोर्ट सीमेन्सच्या एसएबी ८२५३२ या एकाच चिपवर आहेत, ड्रायव्हरचं नाव सॅब. मागं बघा, पोर्ट ए २५ पिनांचा आणि पोर्ट बी ९ पिनांचा. मिलिंग मशीन कधीही पोर्ट ए ला लावू नका. सनला कीबोर्ड जोडलेला नसला की ती पोर्ट ए लाच कन्सोल, म्हणजे आपला कीबोर्ड-स्क्रीन, समजते. मग पलीकडचं मशीन बंद-चालू झालं आणि तारेवर ब्रेक सिग्नल आला की अल्ट्रा चालता प्रोग्रॅम सोडून ओके प्रॉम्प्टला, म्हणजे बोर्डवरच्या मूळ आज्ञांच्या पडद्याला, जाऊन थांबू शकते. आपल्याकडं लाईटचा काय भरवसा, तुम्हाला माहीतच आहे. मशीन पोर्ट बी ला, आणि ए मोकळा ठेवा. पुढं कधी स्क्रीन गेली तर तिथूनच ९६०० च्या वेगानं आत शिरता येईल.

फ्लॉपीचं मात्र वाईट वाटतं. ओपनबीएसडीत या यंत्राच्या फ्लॉपीला ड्रायव्हर नाही. सुरू होताना ओळ येते, एफडीथ्री, आणि पुढं नॉट कॉन्फिगर्ड. यंत्राला ती दिसते, पण तिच्याशी बोलणारं कुणी नाही.

तरी तुमच्या कामाला मी ओपनबीएसडीच म्हणेन, कारण मी रोज तेच वापरतो आणि अडलात तर सांगू शकेन. फक्त दर वेळी सुरू होताना ते लायब्रऱ्या आणि कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, नव्यानं जोडतं. जुन्या आयडीई डिस्कवर त्याला वेळ लागतो. अडकलं समजून स्विच बंद करू नका.

पॅटर्नवाला_उद्यमबाग

काका, लई उपकार झाले. दुसरी आयडीई डिस्क लावली. पण सीडी ड्राइव्ह डिस्कच वाचेना. आणि चालू केल्यावर आयडीप्रॉमचा मजकूर चुकीचा आहे असं येतं, नेटवर्कचा पत्ता सगळा एफएफ एफएफ दाखवतोय. बोर्ड गेला काय ओ?

खानापूर_रोड

बोर्ड गेलेला नाही, घाबरू नका. बोर्डवर एम४८टी५९ नावाचा काळा चिप असतो, त्याच्या पोटातच बॅटरी. यंत्राची ओळख आणि नेटवर्कचा पत्ता त्यात राहतो. बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं. चिपवर बारकोडचा छोटा स्टिकर असेल, त्यावर मूळ पत्त्याचे शेवटचे आकडे असतात. पहिले तीन भाग सनचे ठरलेले, ०८, ००, २०. ओके प्रॉम्प्टवर एमकेपी ही आज्ञा देऊन एकेक बाइट भरता येतो. पण बॅटरी मेलेली असेपर्यंत स्विच बंद केला की पुन्हा कोरा. चिपच बदला, तो सॉकेटमध्ये बसवलेला असतो. जुन्याचा स्टिकर जपून ठेवा.

सीडीचा नाद सोडा, नेटवर्कवरून चढवा. दुसऱ्या कुठल्याही पीसीवर पहिल्या टप्प्यासाठी आरएआरपी (आयपी सांगणारी) आणि टीएफटीपी (फाइल देणारी) या सेवा चालू करा, पुढचं काय लागतं ते ओपनबीएसडीच्या इन्स्टॉल सूचनांत बघा. अल्ट्रा बूट नेट म्हटल्यावर आधी ओरडून विचारते, माझा आयपी काय? आरएआरपी उत्तर देतो. मग ती टीएफटीपीकडं एक फाइल मागते आणि त्या फाइलचं नाव म्हणजे तोच आयपी हेक्समध्ये. १९२.१६८.१.२० दिला असेल तर फाइलचं नाव सी०ए८०११४, अक्षरं कॅपिटल. बहुतेक जण इथंच अडतात, कारण स्क्रीनवर नुसतं टाइमआउट दिसतं आणि कुठली फाइल मागितली ते कळत नाही. पीसीच्या बाजूला टीसीपीडंप हा नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघा, नाव समोर दिसेल.

चिकोडी_मेघा

काका, मध्येच विचारते. आमच्या लॅबला अल्ट्रा १० आहे. तिला पीसीचं साटा कार्ड लावलं तर नवीन डिस्क चालेल का? आयडीई डिस्का आता मिळतच नाहीत.

खानापूर_रोड

मेघाताई, निम्मं चालेल. ओपनबीएसडी चालू झाल्यावर त्या कार्डाचा ड्रायव्हर असेल तर डिस्क दिसेल. पण बूट होणार नाही. ओपनबूट म्हणजे सनच्या बोर्डवरचा सुरू करणारा प्रोग्रॅम. तो कार्डावरचा एफकोड, म्हणजे सनसाठी लिहिलेला कोड, वाचतो, आणि पीसीच्या कार्डावर पीसीचा बायॉस असतो. ओपनबूटच्या लेखी ते कार्ड मुकं. तेव्हा बूट आयडीईवरून किंवा नेटवर्कवरून करा आणि डेटा साटावर ठेवा. कार्ड ५ व्होल्टच्या खाचेचं आहे ना तेवढं बघून घ्या.

आणखी एक. स्पार्क बिग एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी, आणि पीसीआय लिटल एंडियन, म्हणजे छोटा आधी. पीसीपुरता बघून लिहिलेला ड्रायव्हर इथं बाइट उलटे वाचतो. असे दोष पीसीवर कधी दिसतच नाहीत, या यंत्रांवर उघडे पडतात. म्हणूनच लॅबमधल्या मुलांना ही यंत्रं हाताळू द्या. डीमेसेजचा, म्हणजे सुरू होताना येणाऱ्या ओळींचा, मजकूर ओपनबीएसडीच्या पत्त्यावर पाठवायला शिकवा. कुठलं यंत्र अजून कुणाच्या टेबलावर चालू आहे हे लिहिणाऱ्यांना त्यातूनच समजतं. ३२ बिटच्या स्पार्कला त्यांनी ५.९ नंतर, २०१६ मध्ये निरोप दिला. माझी स्पार्कस्टेशन तेव्हापासून नेटबीएसडीवर आहे. स्पार्क६४ वर ती वेळ लवकर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पॅटर्नवाला_उद्यमबाग

काका, चढलं! नेटवर्कवरूनच चढलं. एचएमई, मॅकएफबी, सॅब सगळे आले, आणि एफडीथ्री नॉट कॉन्फिगर्ड, अगदी तुम्ही म्हणालात तसं. आता फ्लॉप्यांचं काय करू? आणि मशीनला सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट लागतात. मी सेटिंग केलं तरी पलीकडं कचरा जातोय.

खानापूर_रोड

शाब्बास. फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून घ्या आणि पीसीवर डीडी या आज्ञेनं प्रत्येक फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढा. फ्लॉपी चिकटत असेल तर जबरदस्ती करू नका, खानापूरच्या पावसात माझ्या कितीतरी फ्लॉप्यांना बुरशी धरली होती. त्या काळी पुष्कळ जण फाइल सिस्टम न करता थेट टार या आज्ञेनंच फ्लॉपीवर लिहायचे. डॉसची म्हणून उघडली नाही तर त्या प्रतिमेला टार लावून बघा.

कचऱ्याचं कारण बहुतेक असं आहे. एसटीटीवाय या आज्ञेनं केलेलं पोर्टचं सेटिंग पोर्ट बंद झाला की मूळपदावर येतं. तुम्ही आधी सेटिंग केलं, मग वेगळ्या आज्ञेनं फाइल पाठवली, तर मध्ये पोर्ट बंद होऊन उघडला. एसटीटीवाय आणि फाइल पाठवणारं कॅट दोन्ही एकाच कंसात घाला आणि त्या कंसाचं इनपुट-आउटपुट पोर्टकडं वळवा. आयएक्सऑन, म्हणजे मशीनचं थांब-चल ऐकण्याचं सेटिंग, चालू हवं, नाहीतर मशीन थांब म्हणेल आणि अल्ट्रा ओतत राहील. पोर्टच्या टीटीवाय या नावाऐवजी कॉल-आउटचं, म्हणजे सीयूएनं सुरू होणारं नाव वापरा. टीटीवाय कॅरियर सिग्नलची वाट बघत बसतं.

एवढं करूनही अक्षरं बिघडली तर बोर्डवरचे सिरीयलचे दोन जंपर बघा. सन कारखान्यातून आरएस-४२३ वर लावून पाठवायची, ते आरएस-२३२ वर सरकवा. केबल नवी करणार असाल आणि मशीनचा कनेक्टर २५ पिनांचा असेल तर अल्ट्राच्या पोर्ट बी ची पिन २ मशीनच्या २ ला, ३ ला ३, आणि ५ मशीनच्या ७ ला. मशीनच्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० आपापसात जोडा, अल्ट्राच्या बाजूला ७-८. पहिला प्रोग्रॅम कटर वर उचलून हवेत चालवा.