व्हिस्की चवीने प्यायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (मुक्काम वेंगुर्ला)

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. व्हिस्की मी वीसेक वर्षं घेतोय. पण आमची पद्धत एकच: सोडा, ग्लासभर बर्फ आणि सोबत तळलेली मांदेली. तिला स्वतःची काही चव असते हे कधी मनातच आलं नाही.

गेल्या महिन्यात मेव्हणा मुंबईहून आला, येताना लाफ्रोएगची, म्हणजे स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीची, बाटली घेऊन. ग्लास नाकाशी नेला आणि मी तसाच बसून राहिलो. आजोळी शिरोड्याला पावसाआधी होडी वर ओढली की आजोबा तिला डांबर फासायचे. बाजूला पाल्यापाचोळ्याची शेकोटी धुमसत असायची आणि खडकावरचं शेवाळ उन्हात वाळत पडलेलं असायचं. ते तिन्ही वास एका ग्लासात! बायकोने वास घेतला आणि म्हणाली, दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. मला तिचंही पटलं.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. आम्ही तिघे मित्र महिन्यातून एकदा नीट बसून, शांतपणे वेगवेगळ्या तऱ्हा चाखायच्या म्हणतोय. कोणत्या बाटल्या घ्याव्यात? कशा क्रमाने? आणि खरी अडचण अशी की चवीची वर्णनं वाचायला गेलो तर हेदरची फुलं, पीच, प्लम असलं काही लिहिलेलं असतं. ज्याचा वास कधी घेतलाच नाही, ते ग्लासात कसं ओळखू?

जहाजी:
खाडीकाठभाऊ, मी मालवणचा. तीस वर्षं जहाजावर काढून आता घरी असतो. धागा वाचून फार आनंद झाला.

पहिला सल्ला: एकेक बाटली वेगवेगळ्या दिवशी उघडू नका. नाकाला तुलना लागते. दोन-तीन ग्लास शेजारी ठेवलेत तर पहिल्या बैठकीतच जे कळेल ते एकेक करून वर्षभरात कळणार नाही. प्रत्येकी पंधरा मिली पुरे. खर्च तिघांत वाटला जातो आणि डोकंही जाग्यावर राहतं.

मी असा जोड लावीन. एक ग्लेनलिव्हेट १२. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, फळांच्या अंगाची, सौम्य. तिच्या शेजारी साधी जिम बीम, म्हणजे अमेरिकन बर्बन. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, तसा तिथला कायदा आहे. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपं जहाजाने स्कॉटलंडला जातात आणि त्यांत स्कॉच मुरते. म्हणजे शेजारी ठेवलेल्या या दोन ग्लासांत पिंपाचं नातं आहे. बर्बनमध्ये ओक भसकन अंगावर येतो, ग्लेनलिव्हेटमध्ये तोच मागे उभा राहून बोलतो. हे एकदा नाकाला कळलं की पुढचा रस्ता सोपा.

तिसरा ग्लास तुमच्या लाफ्रोएगचा, आणि तो शेवटीच. पीटचा धूर एकदा तोंडात बसला की त्यानंतर ग्लेनलिव्हेट पाण्यासारखी लागते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत, दबत गेलेल्या वनस्पतींचा थर. आयला बेटावर झाडं कमी, त्यामुळे जळणाला तेच वापरत. मोड आलेलं बार्ली त्याच्या धुरावर सुकवतात आणि तो धूर दाण्यात उतरतो. आपल्याकडे काजूबी भाजताना अंगणभर धूर होतो आणि कपडे दोनदा धुतले तरी जात नाही, तसाच चिवट.

बर्फ नको. आधी नुसती, मग थेंबथेंब पाणी. सोड्याचे दिवस वेगळे ठेवा, त्यात काही वाईट नाही.

देवगडची:
जहाजीकाकांचं बहुतेक सगळं पटलं, फक्त "आधी नुसती" याला आपल्या हवेत मुरड घालावी असं वाटतं. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि चाखण्याची आवडही आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्या घरात तापमान बत्तीस-तेहेतीसच्या खाली येत नाही. त्या उष्म्यात अल्कोहोलची वाफ जास्त उठते आणि पहिल्याच हुंगण्यात नाक बधिर होतं. स्कॉटलंडातल्या थंड खोलीतला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. बाटली बैठकीआधी अर्धा तास फ्रिजच्या दारात ठेवा, म्हणजे खोलीपेक्षा थोडी गार होईल. बर्फगार मात्र नको, थंडीने सुगंध मिटतो. पाणीही लवकर घाला. वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून ब्लेंड करणारे तज्ज्ञ नमुने हुंगतात तेच मुळी अल्कोहोल साधारण २० टक्क्यांवर येईल इतके पातळ करून. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन लगेच आडवं येतं.

आता खाडीकाठदादांच्या खऱ्या प्रश्नाकडे वळते, तो मला फार आवडला. पीच आणि हेदर विसरा. व्हिस्कीतले कितीतरी वास आपल्या स्वयंपाकघरात आहेत, आणि हे मी नुसतं मन राखायला म्हणत नाही. ओकच्या लाकडात एक लॅक्टोन, म्हणजे एक सुगंधी संयुग, असतो. त्याचं रूढ नावच व्हिस्की लॅक्टोन, आणि त्याचा वास थेट नारळाचा! अमेरिकन ओकमध्ये तो भरपूर. नारळ युरोपातल्या माणसाला आठवून आठवून शोधावा लागेल, आपल्या हाताला तर रोज खवणीचा वास असतो. ओकमधूनच व्हॅनिलीन येतं आणि युजेनॉलही. युजेनॉल म्हणजे लवंगेचा मुख्य वास. आंबवताना यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, तो पिकल्या केळ्याचा वास. पीटच्या धुरातून ग्वायकॉल आणि क्रेसॉल येतात. क्रेसॉल जंतुनाशकांत वापरत, तेव्हा वहिनींना दवाखाना आठवला तो अगदी बरोबर आठवला.

मी काय करते सांगू? बैठकीआधी छोट्या वाट्या मांडते. एकीत सुकं खोबरं, एकीत लवंग, एकीत गूळ, मग भाजलेला काजू, आंबापोळीचा तुकडा, मध, खजूर, आमसूल. आधी सगळ्यांनी डोळे मिटून वाट्या हुंगायच्या, मग ग्लास. ग्लासात काहीतरी ओळखीचं वाटलं पण नाव सुचेना, तर पुन्हा वाट्यांकडे जायचं. दुसऱ्या बैठकीपासून शब्द आपोआप येतात. शेरीच्या (स्पेनमधल्या एका कडक वाइनच्या) पिंपातली व्हिस्की चाखाल तेव्हा खजुराची वाटी जवळ ठेवा.

आणि त्या संध्याकाळी घरात मासे तळू नका, अगरबत्तीही लावू नका. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, वाइनचा लहान ग्लास चालतो. हुंगताना ओठ किंचित उघडे ठेवा, झोंबणं कमी होतं.

रेडीकर:
माका इचारशात तर आपली गोव्याचीच घेवा आदी. कुंकळ्ळीक पॉल जॉन करतत. ब्रिलियन्स म्हणजे धूर नाय, एडिटेडाक थोडो, बोल्डाक बरोच. तिनय शेजारी ठेवा, धूर काय करता ता एका घराण्यातच समजात. लांब जावची गरजच नाय.

जहाजी:
रेडीकर, लाख बोललात. हे मला आधी सुचायला हवं होतं. तिन्ही ४६ टक्के अल्कोहोलच्या, त्यामुळे पाणी घालायला वाव आहे. आणि हवेचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो. गोवा-बंगलोरच्या उष्म्यात तोच आकडा दहाच्या आसपास जातो. पण लाकडातला रसही तितक्याच झपाट्याने उतरतो. म्हणून आपल्याकडची पाच-सहा वर्षांची मॉल्ट तिकडच्या बारा वर्षांच्या बाटलीशेजारी ताठ मानेने बसते. लेबलावर वयाचा आकडा नाही म्हणून नाक मुरडू नका. बंगलोरच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल मॉल्ट विकायला काढली ती थेट ग्लासगोत! त्यांची फ्यूजनही घ्या कधीतरी, आपलं बार्ली आणि स्कॉटलंडचं धुरकट बार्ली मिळून केलेली, ५० टक्क्यांची.

मात्र लेबल वाचून घ्या. आपल्याकडे व्हिस्की म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत उसाच्या मळीचा स्पिरिट मिसळलेला असतो. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. प्यायला हरकत नाही, पण चव शिकायला ती उपयोगाची नाही. "सिंगल मॉल्ट" म्हणजे एकाच भट्टीतली, नुसत्या मोड आलेल्या बार्लीची.

बांदेकर:
एक सूचना, कारण वेंगुर्ल्याहून गोवा हाकेवर आहे. तिकडे स्वस्त मिळते म्हणून बाटल्या गाडीत टाकून आणू नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीला तपासणी नाका आहे. ओळखीतल्या एकाची गाडी अडकली, त्याचे हेलपाटे मी पाहिलेत. बाटली इथल्या दुकानातून, स्वतःच्या परवान्यावर घ्या. नसेल ठेवत तर मागवून देतो का विचारा. आपल्याकडे व्हिस्कीला वय पंचवीस पूर्ण लागतं, घरातल्या पोरांना "थोडी चव बघ" करू नका. आणि बैठक ज्याच्या घरी, तिथेच मुक्काम. रात्री खाडीच्या रस्त्याने दुचाकी नको.

खाडीकाठ:
मंडळी, मनापासून आभार. काल पहिली बैठक झाली, लगेच लिहितोय. दुकानदाराला सांगितल्यावर आठवड्यात ब्रिलियन्स आणि बोल्ड मिळाल्या, एडिटेड नाही मिळाली. लाफ्रोएग उरली होतीच.

ताई, तुमच्या वाट्यांनी कमाल केली. ब्रिलियन्स आधी नुसती घेतली तेव्हा मध आणि मागून तिखटपणा, इतकंच. चमचाभर पाणी घातलं आणि थांबलो. पाचेक मिनिटांनी आमच्यातला एक, ज्याने आयुष्यात कधी सोड्याशिवाय घोट घेतला नव्हता, तो खोबऱ्याच्या वाटीवर बोट ठेवून म्हणाला, "हा." आम्ही दोघांनी परत हुंगलं. होतं! त्यानंतर अर्धा तास कोणी गावाच्या, राजकारणाच्या गोष्टी काढल्या नाहीत. बोल्डमध्ये मला धुराखाली गूळ लागला, दुसऱ्याला भाजलेला काजू. आम्ही भांडलो आणि दोन्ही वहीत लिहिलं.

लाफ्रोएग शेवटी. सोबत उकडलेली कालवं घेतली, नुसतं मीठ-लिंबू लावून. आयलावर कालवांवर व्हिस्कीचे थेंब टाकून खातात असं वाचलं होतं. आपल्या खाडीतली कालवं आणि तो धूर इतके जमले की पुढच्या वेळी कालवं जास्त आणायची ठरलंय.

एक गोष्ट विचारायची राहिली. सकाळी ग्लास धुवायच्या आधी बायकोने बोल्डचा रिकामा ग्लास सहज नाकाशी नेला. मला हाक मारून म्हणाली, "ह्याला काकवीचा वास येतोय, घावन्यांबरोबर घेतो तिचा." मी हुंगलं तर खरंच तसा. रात्री भरलेल्या ग्लासात तो नव्हता. असं का होतं?

देवगडची:
दादा, अल्कोहोल आणि हलके सुगंध रात्रीत उडून जातात. लाकडाचे आणि धुराचे जड रेणू काचेला चिकटून मागे राहतात. जाणकार मुद्दाम रिकामा ग्लास हुंगतात, ते यासाठीच. वहिनींना पुढच्या बैठकीत बसवा, त्यांचं नाक तुमच्या तिघांपेक्षा तयार आहे.

खाडीकाठ:
विचारलं. म्हणाली, पिणार नाही, पण हुंगायला बसेन आणि वही मी लिहीन. पुढचा शनिवार ठरला, इंद्रीची त्रिणी, म्हणजे हरियाणातली सिंगल मॉल्ट, सांगून ठेवलीय. त्यात बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तीन पिंपं आहेत, म्हणून खजुराची वाटी आत्ताच काढून ठेवली.