कोडं दुय्यम, त्या दोघी महत्त्वाच्या

'अ‍ॅग्नेस ऑफ गॉड' (१९८५) हा सिनेमा शेवटी उत्तर न देताच पळ काढतो, अशी तक्रार ऐकली. मला नाही पटलं. अ‍ॅग्नेस या तरुण ननला कॉन्व्हेंटमध्येच बाळ होतं आणि ते मेलेलं सापडतं; त्याचा बाप कोण, हे कोडं मला दुय्यमच वाटलं. खरी मजा तिच्यावरून भिडणाऱ्या दोघींत आहे. मानसोपचारतज्ज्ञ (जेन फोंडा) तर्काची बाजू घेऊन येते खरी, पण तिची बहीण कॉन्व्हेंटमध्येच अपेंडिक्सवर उपचार न मिळाल्याने गेलेली. म्हणजे तिचा तर्कही जखमेवरच उभा! उलट कॉन्व्हेंटची प्रमुख मदर (अ‍ॅन बँक्रॉफ्ट) संसार, मुलं सगळं उरकून नन झालेली, व्यवहार पुरता ओळखून असलेली. संतांनी आज कुठली सिगरेट ओढली असती यावर दोघी खिदळतात, तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला.

ठाण्यात मी नन्सच्याच शाळेत शिकले. गणिताच्या सिस्टर ताळा केल्याशिवाय उत्तर मान्य करत नसत, आणि बोर्डाच्या आधी आमच्यासाठी मेणबत्तीही लावत. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे.

मूळ नाटक तीनच पात्रांचं आहे. गडकरी रंगायतनला मराठीत कुणी केलं, तर पहिल्या रांगेचं तिकीट माझं.