विषय: गावाकडच्या धावगटासाठी एकच ॲप ठरविणे (शुक्रवारच्या आत उत्तर हवे)

प्रेषक: प्रकल्प समन्वयक (सध्या मुक्काम दारव्हा तालुका)

सप्रेम नमस्कार.

मी रविवारी नागपूरहून परतीचे विमान पकडणार आहे. त्याआधी गटातील सर्व मुलामुलींच्या फोनवर धाव नोंदविणारे एकच ॲप टाकून, ते दोन दिवस त्यांच्याकडून वापरून घेऊन मगच निघावे, असे ठरविले आहे. आज तिघे स्ट्राव्हा वापरतात, दोघांकडे नायके रन क्लब आहे, एकाकडे आदिदासचे म्हणजे पूर्वीचे रनटॅस्टिक आहे आणि उरलेले पावले मोजणाऱ्या कुठल्याशा ॲपचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होतात. गटाला बूट देताना ठरल्याप्रमाणे आठवड्याचे एकूण किलोमीटर टोरांटोतील आपल्या मंडळाला कळवायचे आहेत आणि या खिचडीतून बेरीज काही निघत नाही. काल रात्री मी ती करायला बसलो, तेव्हा एकाच पहाटे, एकाच पांदण रस्त्याने, बरोबरीने धावून आलेल्या दोन भावांचे अंतर ५.१ आणि ६.४ किलोमीटर निघाले.

कृपया चर्चा ॲपपुरती ठेवावी. बुटांच्या मापांचा विषय संपलेला आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

समन्वयकांनी कोणतेही ॲप निवडावे, फक्त त्यासाठी वर्गणी भरावी लागू नये, एवढीच माझी विनंती आहे. वार्षिक अंदाजपत्रकात या कामासाठी रक्कम धरलेली नाही आणि आता धरताही येणार नाही. ‘महिनाभर मोफत’ असे सांगणारे एक ॲप मी स्वतः घेऊन पाहिले होते. महिना संपल्याचे मला बँकेच्या संदेशावरूनच कळले. गावातील मुलांच्या फोनला वडिलांचे खाते जोडलेले असते, हे ध्यानात घ्यावे.

प्रेषक: क्रीडा उपसमिती

कोषाध्यक्षांनी निश्चिंत असावे. स्ट्राव्हावर धाव नोंदविणे विनामूल्य आहे. २०२० मध्ये त्यांनी ठरावीक टप्प्यांवरच्या क्रमवाऱ्या आणि अशा काही सोयी वर्गणीदारांकडे वळविल्या, पण अंतर, वेळ, वेग आणि क्लब यांना पैसे पडत नाहीत. आपण येथे टोरांटोत क्लब चालवितोच, त्यात गावाकडची मुले आली की आठवड्याची यादी आपोआप तयार होईल आणि कोणाला रात्री बेरीज करीत बसावे लागणार नाही. धावण्याच्या उपक्रमाचा प्रश्न आधी उपसमितीकडे आला असता, तर हे उत्तर महिन्यापूर्वीच मिळाले असते, असे नम्रपणे नमूद करते.

प्रेषक: गुरुजी (गावाकडून)

ताईंना आणि सर्वांना नमस्कार. मला या यादीत नुकतेच घेतले आहे, त्यामुळे रीतभात चुकल्यास सांभाळून घ्यावे.

आपली चर्चा बेरजेची चालली आहे. आमची अडचण वेगळी आहे. येथील बहुतेक मुले पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीच्या मैदानी चाचणीचे एकूण गुण ५०, त्यांपैकी मुलांच्या १६०० मीटर धावेला २० आणि मुलींच्या ८०० मीटर धावेला २०. पूर्ण गुण हवे असतील तर मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर संपविले पाहिजे, त्यापुढे वेळ वाढेल तसे गुण उतरतात. आमचा एक विद्यार्थी गेले दोन महिने फोनवर १६०० मीटर ५ मिनिटे ६ सेकंदांत पूर्ण करीत होता. त्याच्या घरी सगळे खूश होते. मला मात्र त्याचे शेवटचे वळण पाहून शंका आली, म्हणून त्याचा फोन जेथे १६०० दाखवून थांबला तेथे खूण केली आणि पोलादी टेपने अंतर मोजले. ते १५४० मीटर भरले. त्याच वेगाने तो खरे १६०० मीटर धावला असता, तर त्याला ५ मिनिटे १८ सेकंद लागले असते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘गुरुजी, हा मोबाईल तं लबाड बोलते.’

माझे वडील भूमापनाच्या कामात साखळी ओढीत. ३३ फुटांची साखळी आणि ३३ फूट बाजूचा गुंठा हा हिशेब मी लहानपणी वावरात उभा राहून शिकलो. त्या साखळीवर जो भरवसा होता तो कोणत्या ॲपवर ठेवावा, एवढेच मला सांगावे.

प्रेषक: माजी सचिव

गुरुजी, यात ॲपचा दोष थोडा आणि पद्धतीचा अधिक आहे. फोन दर सेकंदाला उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो आणि मोकळ्या आकाशाखालीसुद्धा ती जागा पाच-एक मीटर इकडेतिकडे असते. असे शेकडो ठिपके एकामागून एक जोडले की सरळ रस्त्याचीही नागमोडी रेघ होते आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरणार. विद्यार्थ्याचे साठ मीटर बहुधा त्या नागमोडीत गेले. याच्या उलटही घडते: बॅटरी वाचविण्यासाठी ठिपके विरळ घेतले तर वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. दोनशे मीटरच्या लहान मैदानावर फेऱ्या मारताना दोन्ही चुका एकाच वेळी होतात, त्यामुळे तेथील आकडा तर अजिबात धरू नये.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो, कारण मागे कोणीतरी गावात रेंज नसल्याने जीपीएस चालत नाही असे लिहिले होते. जीपीएसला रेंज लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही. नेटवर्क असेल तर उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते, एवढाच फरक. नसेल तर फोन ती थेट उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट या मुंगीच्या चालीने घेतो, त्यासाठी अर्धे ते एक मिनिट मोकळ्यावर उभे राहावे लागते. मुले घराच्या ओसरीतच बटण दाबून पळत सुटतात, म्हणून पहिले शंभर-दीडशे मीटर वेडेवाकडे उमटतात.

प्रेषक: प्रकल्प समन्वयक

ओसरीचा मुद्दा अगदी बरोबर निघाला, आज पहाटे मी तो पाहिला. त्याहून मोठी अडचण मात्र वेगळीच सापडली. स्क्रीन बंद केली की बॅटरी वाचविण्याच्या नादात स्वस्तातले फोन ॲपच बंद करून टाकतात आणि मूल घरी येऊन फोन उघडते तेव्हा ते पुन्हा जागे होऊन मधल्या दोन टोकांना सरळ रेघेने जोडते. आज एका मुलीची धाव फोनवर पाटलांच्या उभ्या पऱ्हाटीतून, विहिरीवरून आणि एका गोठ्यातून गेलेली दिसली. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीवरचे निर्बंध काढून टाकले आणि आपोआप सुरू होण्याची परवानगी दिली की हे थांबते. हे मी सर्व फोनांवर करीत आहे, मग ॲप कोणतेही ठरो.

प्रेषक: एक सदस्या (माहेर तेच गाव)

गोठ्यातून गेलेली मुलगी माझी भाची आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

स्ट्राव्हाचे खाते प्रौढ व्यक्तीने उघडले की मूळ सेटिंगप्रमाणे तिची धाव सर्वांना दिसते, ती आपण होऊन बदलावी लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी जगभरच्या धावांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याच नकाशावर परदेशी वाळवंटांतील लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या दिसल्या, कारण त्या भागात धावणारे दुसरे कोणी नव्हतेच. आपल्या गावात पहाटे साडेपाचला फाट्यापर्यंत धावणाऱ्या किती जणी आहेत? त्या रेघेवर नाव लिहिण्याची गरजच नाही. मुलींना धावू देण्यासाठी गुरुजींनी घरोघरी जाऊन किती समजूत घातली, हे यादीवरील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. एखाद्या घरी उद्या ही रेघ दिसली, तर बंद होईल ते ॲप नव्हे, मुलीचे धावणे.

प्रेषक: क्रीडा उपसमिती

वहिनी, आपली काळजी मला समजते, परंतु स्ट्राव्हात घराभोवतीचा ठरावीक परिसर लपविता येतो, धाव केवळ अनुयायांपुरती ठेवता येते आणि संपूर्ण नकाशाच इतरांपासून झाकण्याचीही सोय आहे. एकत्रित नकाशात आपली धाव धरू नये, असेही सांगता येते. चारही बटणे कोठे आहेत ते मी चित्रांसह पाठवू शकते. हे सर्व क्लबच्या नियमावलीत आम्ही २०१९ मध्येच लिहिले होते, ते कोणी वाचत नाही, हा भाग निराळा.

प्रेषक: एक सदस्या (माहेर तेच गाव)

ताई, गावाची लांबी सहाशे मीटर. घराभोवतीचे दोनशे मीटर लपविले तरी उरलेली रेघ वेशीतून कोठे वळते यावरून आळी कळते. संपूर्ण नकाशा झाकला तर वाट दिसणार नाही, हे मान्य, पण ‘रोज पहाटे ५.३०’ ही वेळ मूळ सेटिंगप्रमाणे तरीही दिसते आणि ‘फक्त मी’ असे ठेवले तर ती धाव क्लबच्या यादीत धरलीच जाणार नाही. मग ज्या यादीसाठी हा खटाटोप, तीच गेली.

प्रेषक: ज्येष्ठ सदस्य

क्लबच्या यादीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. चालणे त्यात धरतात की नाही? मी थंडीत ट्रेडमिलवर रोज चार किलोमीटर चालतो, फोन मात्र घराच्या छताखाली उपग्रह सापडत नसल्याने कधी तीन दाखवितो, कधी पाच. गेल्या वर्षी माझे जानेवारीचे सर्व किलोमीटर वगळण्यात आले होते.

प्रेषक: क्रीडा उपसमिती

काका, आपले किलोमीटर वगळले नव्हते, ‘चालणे’ या सदरात होते. ट्रेडमिलवर यंत्राचाच आकडा हाताने लिहावा, हेही नियमावलीत आहे.

प्रेषक: युवा प्रतिनिधी

मी ओपनट्रॅक्स सुचवितो. त्याला खाते लागत नाही, वर्गणी नाही, जाहिराती नाहीत आणि ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे धाव फोनच्या बाहेर जाण्याची वाटच उरत नाही. गूगलचे माय ट्रॅक्स नावाचे ॲप ३० एप्रिल २०१६ रोजी बंद झाले, त्याच्याच सर्वांना खुल्या असलेल्या सोर्स कोडवरून हे पुढे वाढले आहे. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो: एन्डोमोन्डो हे धाव नोंदविणारे ॲपही ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, म्हणजे कंपनीने दार लावले की आपली वही आतच राहण्याची भीती असते. येथे प्रत्येक धाव जीपीएक्स (वाटेची नोंद असलेली) फाईल म्हणून आपल्याच हातात राहते. ते केवळ अँड्रॉइडवर चालते, पण गटात आयफोन कोणाकडेच नाही, असे समजतो. गूगलच्या प्ले स्टोअरबाहेरचे खुल्या ॲपांचे भांडार असलेल्या एफ-ड्रॉइडवरून उतरवून घ्यावे.

प्रेषक: गुरुजी (गावाकडून)

चिरंजीवांची सूचना मला आवडली, परंतु ‘उतरवून घ्यावे’ येथे थोडे थांबावे लागेल. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके (फोनवर ॲप टाकणारी) फाईल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार गावोगाव झाले आहेत, आणि अनोळखी ठिकाणचे ॲप कधीही टाकायचे नाही, हे मीच वर्गात घोकून घेतले आहे. आता मीच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन असे ॲप टाकण्याची परवानगी द्या म्हणालो, तर पुढच्या पत्रिकेच्या वेळी माझे कोण ऐकेल?

प्रेषक: माजी सचिव

गुरुजींचे म्हणणे रास्त आहे. ॲप समन्वयकांनी स्वतः प्रत्येक फोनवर टाकावे आणि लगेच मुलांच्या समोर ती परवानगी पुन्हा बंद करावी. ती बंद करताना मुलांनी पाहणे हाही एक धडाच आहे.

आणखी एक सांगतो, कारण आपण सर्व ॲपच्या नावावर अडलो आहोत आणि गुरुजींच्या पहिल्या पत्राला पूर्ण उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अधिकृतपणे मोजताना जीपीएस वापरतच नाहीत. पोलादी टेपने मोजलेल्या तुकड्यावर आधी सायकल चालवून चाकाचे फेरे तपासतात, मग त्या सायकलने संपूर्ण मार्ग मोजतात आणि मार्ग चुकूनही आखूड पडू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात वाढवून ठेवतात. मैदानावरची ४०० मीटरची आतली फेरीसुद्धा कडेच्या कठड्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर धरतात. तेव्हा गुरुजींनी ॲप शोधू नये. फाट्याच्या डांबरी रस्त्यावर टेपने एकदाच १६०० मीटर मोजून टाकावेत. ३० मीटरच्या टेपचे ५३ ताण आणि वर १० मीटर. नायलॉनची दोरी मात्र घेऊ नये, ती ताणते. त्या पट्ट्यावर फोन हे केवळ घड्याळ. नाहीतरी भरतीच्या मैदानावर फोन बरोबर नेता येत नाहीच.

प्रेषक: प्रकल्प समन्वयक

कालपासून काय झाले ते कळवितो.

ओपनट्रॅक्स सर्व फोनांवर टाकले, परवानगी बंद केली, बॅटरीचे निर्बंध काढले आणि वेशीबाहेरच्या कडुलिंबापाशी मिनिटभर थांबून मगच बटण दाबायचे, असे ठरले. लांबच्या धावा त्यावर नोंदविल्या जातील आणि शनिवारी सायंकाळी गुरुजी प्रत्येकाचा आकडा वहीत उतरवून केवळ एकूण बेरीज या यादीवर पाठवतील. मुलींची नावे, वाटा आणि वेळा गावातच राहतील. टोरांटोचा क्लब स्ट्राव्हावर आहे तसाच चालू राहील, त्याच्या कारभारात प्रकल्प समिती ढवळाढवळ करीत नाही, हे उपसमितीने कृपया लक्षात घ्यावे.

१६०० मीटर आज सकाळी मोजले. टेपचे एक टोक गुरुजींनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिले नाही. योगायोगाने सुरुवात रस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरवर असणाऱ्या दगडांपैकी एकापाशी आली. पुढील दगडांशी ताळा करून पाहिला, तेव्हा एक दगड चार मीटर पुढे निघाला आणि गुरुजींनी दगडाचेच चुकले असा निर्णय दिला. ‘लबाड बोलते’ म्हणणारा मुलगा त्या पट्ट्यावर ५ मिनिटे १६ सेकंदांत धावला. फोन त्याने गुरुजींच्या हातात ठेवला होता.

सुरुवातीच्या, आठशेच्या आणि शेवटच्या खुणेला आज चुना मारला आहे, पण तो पहिल्याच पावसात धुऊन जाईल. पिवळ्या तेलरंगाचा एक लहान डबा आणि एक ब्रश यांच्या खर्चास मंजुरी मिळावी.

प्रेषक: कोषाध्यक्ष

मंजूर. पावती जपून ठेवावी.